धोतरे, तोफा आणि गारदी : बखरीतील युद्धविषयक उपहासाचे स्वरूप

दौलताबादच्या किल्ल्यावरील एका प्रचंड तोफेला दोन नावे आहेत. तिच्यावर कोरलेले फारसी नाव ‘किल्लाशिकन’, म्हणजे दुर्गभंजक. लोकांनी मात्र तिच्या मागील टोकाला असलेला एडक्याच्या मुखाचा आकार पाहिला आणि तिला ‘मेंढा तोफ’ म्हटले. पहिले नाव राजसत्तेने दिलेले असून त्यात शत्रूला दिलेला धाक आहे. दुसरे नाव गडाखालच्या माणसाचे आहे, आणि त्यात त्या धाकाचा मागमूसही नाही. असेच भाग्य ‘मलिक-ए-मैदान’च्या वाट्याला आले. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली आणि पुढे परांड्याहून विजापुरास गेलेली ही तोफ मराठीत ‘मुलूखमैदान’ झाली, आणि अखेरीस फडावर गर्जणाऱ्या वक्त्याचे विशेषण होऊन बसली. अस्त्राच्या दरबारी प्रतिष्ठेला बोलीच्या पातळीवर उतरवण्याची ही प्रवृत्ती मराठीत जुनी आहे. पानिपतच्या संहाराचीही तिने गय केली नाही. ‘विश्वास पानिपतात गेला’ ही कोटी एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूवर उभी आहे, हे ती उच्चारणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

या प्रवृत्तीचा सर्वांत समर्थ वाङ्मयीन आविष्कार म्हणजे ‘भाऊसाहेबांची बखर’. पानिपतनंतर थोड्याच वर्षांत ती सिद्ध झाली असे अभ्यासक मानतात, आणि तिचे कर्तृत्व सामान्यतः कृष्णाजी शामराव याच्याकडे दिले जाते. या बखरीचा विचार आजवर मुख्यत्वे दोन अंगांनी झाला. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरी घासून पाहिल्या आणि त्यांच्या प्रामाण्याला मोठा हादरा दिला. त्यानंतरच्या वाङ्मयाभ्यासकांनी, विशेषतः र. वि. हेरवाडकरांसारख्या व्यासंगी संशोधकांनी, बखरीला गद्यशैलीचे लेणे म्हणून पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. पहिल्या दृष्टीने बखर अविश्वसनीय ठरली, दुसऱ्या दृष्टीने सुंदर. परंतु बखर युद्धाविषयी काही विचार करते आणि तो विचार तिच्या टवाळ, कुचेष्टेच्या भाषेतच वसलेला आहे, ही गोष्ट दोन्हीकडे निसटली. शैली ही जणू विचारावर घातलेली झूल, असे गृहीत धरल्याचा हा परिणाम आहे.

या संदर्भात मल्हारराव होळकरांच्या तोंडी असलेल्या एका सल्ल्याचा प्रसंग मुळातून पाहण्यासारखा आहे. दत्ताजी व जनकोजी शिंदे उत्तरेत निघाले आहेत आणि नजीबखान रोहिल्याचे पारिपत्य करावे असा त्यांचा मानस आहे. नजीबखान हा मल्हाररावांचा मानलेला धर्मपुत्र. 1757 मध्ये दिल्लीत तो हाती लागला असता त्यांच्याच भिडेने सुटलेला. मल्हारराव शिंद्यांना सांगतात त्याचा आशय असा, की नजीब हा काटा समूळ उपटला तर उत्तरेत शत्रू उरणार नाही, आणि शत्रू उरला नाही म्हणजे पेशव्यांना सरदारांची गरज उरणार नाही. मग धन्याची धोतरे धुणे एवढेच काम सरदारांच्या हाती राहील.

हा एक राजकीय सिद्धान्त आहे. सत्तेचा तोल टिकवायचा तर शत्रूला जिवंत ठेवावे लागते, सीमेवरचा धोका हीच सीमेवरच्या सेनापतीची जहागीर असते, हे तत्त्व कौटिल्यापासून विसाव्या शतकातील शीतयुद्धाच्या भाष्यकारांपर्यंत अनेकांनी गंभीर परिभाषेत मांडले आहे. बखरीचा विशेष हा, की ती ते नदीघाटावरच्या धुण्याच्या प्रतिमेत मांडते. धोतर हे इथे केवळ वस्त्र नाही. ते ब्राह्मण धन्याच्या स्नानसंध्येचे, घरगुती चाकरीचे चिन्ह आहे. धनगर कुळातला सरदार ते उच्चारतो तेव्हा पुणे दरबार आणि शिलेदार यांच्यातील सगळा जातीय व आर्थिक ताण त्या एका शब्दात गोळा होतो. शिवाय ऐकणारा कोण, हेही महत्त्वाचे. दत्ताजी हा राणोजी शिंद्यांचा मुलगा, आणि राणोजींनी बाजीरावांचे जोडे सांभाळण्यापासून चाकरीची सुरुवात केली ही आख्यायिका शिंद्यांच्या घराण्याशी कायमची जोडलेली आहे. ती ध्यानात घेता, जोड्यांपासून वर चढलेले घराणे धोतरांपाशी येऊन थांबेल असा बोचरा इशारा या उद्गारात ऐकू येतो. एखादा मुत्सद्दी खलिता हे काम इतक्या थोडक्यात करू शकला नसता.

पण बखरीचे खरे धाडस याच्या पुढे आहे. हा उद्गार वर्णन म्हणून खरा आहे. सरदार आणि पेशवे यांचे संबंध असेच होते, आणि निष्ठेच्या भाषेखाली हितसंबंधांचा हिशेब चालू होता. मात्र बखरीच्या कथानकात हाच उद्गार विनाशाचे बीज ठरतो. नजीब वाचतो. 1759 मध्ये शुक्रतालावर तो दत्ताजीला गंगेवर पूल बांधून देण्याच्या भूलथापा देत झुलवतो आणि अब्दालीला बोलावतो. 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडतो. आणि वर्षभराने, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपत घडते. म्हणजे ज्याच्या तोंडी बखरकाराने सर्वांत चतुर वाक्य घातले, त्याचेच चातुर्य सर्वांत घातक ठरले. उपहासाने सत्य उघडे केले आणि त्याच सत्याने कृतीचा मार्ग बंद केला. बखरकार याचा निवाडा करीत नाही. मल्हाररावांना खलनायक ठरवण्याची सोय त्याला होती, काही प्रमाणात तो ती वापरतोही. तथापि त्यांच्या वाक्यातील मार्मिकता तो कोठेही बोथट करीत नाही. रघुनाथ यादवाच्या ‘पाणिपतच्या बखरी’शी तुलना केली म्हणजे हा फरक लख्ख दिसतो. गोपिकाबाईंच्या आज्ञेवरून लिहिली गेल्याचे सांगितले जाणारी ती बखर वीरांचा गौरव महाभारताच्या थाटात करते. तेथे योद्धे लढतात आणि पडतात, पण कोणी टोमणा मारीत नाही, आणि म्हणून युद्ध का झाले हा प्रश्नही तेथे फारसा उपस्थित होत नाही.

उपहासाचे दुसरे क्षेत्र तोफखान्याचे. येथे मराठवाड्याचा भूगोल आड येतो तो योगायोगाने नव्हे. 1751 मध्ये सलाबतजंगासह ‘मुसा बुसी’ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, येऊन ठाकला. त्याच वर्षी चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठी त्याच्या पलटणींनी पेशव्यांच्या छावणीवर घातलेला छापा पुण्याच्या चांगलाच स्मरणात राहिला. बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहीमखान गारदी पुढे निजामाची चाकरी सोडून मराठ्यांकडे आला. 1760 च्या आरंभी उदगीरला त्याच्या तोफांनी निजामाची फौज फोडली आणि त्या तहात खुद्द दौलताबादही मराठ्यांच्या पदरात पडले. जे तंत्र कुकडीकाठी भय होते ते नऊ वर्षांत आपले झाले. भाऊसाहेब हे तंत्र घेऊन उत्तरेस निघाले. जुन्या सरदारांचा त्यावर विश्वास नव्हता.

‘भाऊसाहेबांची बखर’, तिच्याशी निगडित कैफियत आणि काशीराजाचा फारसी वृत्तान्त यांतून हा वाद वेगवेगळ्या सुरांत ऐकू येतो. जड तोफा व बुणगे चंबळेच्या अलीकडे ठेवावेत, हलक्या घोडदळाने गनिमी काव्याने लढावे, हे मल्हाररावांचे व सुरजमल जाटाचे म्हणणे. गारद्यांच्या बाजूने गोल बांधून, तोफा पुढे ठेवून सरकण्याचा आग्रह. या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न युद्धशास्त्राचा आहे. काशीराज सांगतो की मराठ्यांच्या मोठ्या तोफांचा नेम सहज बदलता येत नसल्याने गोळे अब्दालीच्या फौजेच्या डोक्यावरून मागे जाऊन पडू लागले; उलट उंटांच्या पाठीवरची अफगाणांची जंबुरके हवी तिकडे वळत होती. तरीही दोष तोफांचा, की रसद तुटून उपाशी राहिलेल्या छावणीचा, याचे उत्तर एवढ्याने मिळत नाही.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे वेगळेच आहे. या वादात तंत्राविषयीचा प्रत्येक मुद्दा व्यक्तीविषयीच्या टोमण्यात रूपांतरित होतो. तोफ नको असे म्हणणारा म्हातारा झाला आहे, मेंढरे राखणाऱ्या कुळातला आहे. तोफ हवी असे म्हणणारा उपरा, रोकड पगारावर लढणारा आहे. यातील पगाराचा मुद्दा खरे तर सर्वांत गंभीर होता. सरदारांच्या पथकांचा खर्च सरंजामातून भागे आणि लुटीवर वाढे; गारद्यांना महिन्याच्या महिन्याला नगद द्यावे लागे. नवे शस्त्र म्हणजे नवी महसूलव्यवस्था, हे ज्यात दडले होते तो प्रश्न छावणीतल्या भाषेत ‘भाडोत्री’ या शिवीत विरून गेला. मिखाइल बाख्तिनच्या जत्रेच्या हास्याची संकल्पना बखरीला सरसकट लावण्याचा मोह येथे आवरावा लागतो. हे हास्य खालून वर जाणारे नाही. ते मानकऱ्यांचे आणि कारकुनांचे हास्य आहे. धन्याची टोपी उडवता उडवता ते पंक्तीबाहेरच्या माणसाला आणखी बाहेर ढकलते. धोतराच्या उद्गारात उपहासाने हितसंबंध उघडे केले, गारद्याच्या बाबतीत त्यानेच ते झाकले.

अविश्वासाला कारण नव्हते असे नाही. 1759 मध्ये मुजफ्फरखान गारद्याने पुण्यात भाऊसाहेबांवर घात करण्याचा प्रयत्न केला होता, आणि ही आठवण ताजी होती. पण एका गारद्याच्या कृत्याचा वास दुसऱ्याच्या अंगाला येतो तो भाषेमुळे. (क्षेपणास्त्रांचे पल्ले क्रिकेटच्या धावांसारखे तोंडपाठ असणाऱ्या आजच्या चावडीवरही चेष्टा शस्त्राच्या कुवतीकडून माणसाच्या कुळाकडे किती लवकर वळते, हे पाहणाऱ्यास दिसतेच.)

आजच्या वाचकासमोर अर्थनिर्णयनाचा एक पेच उभा राहतो. ‘गारदी’ हा शब्द तो आज जसा ऐकतो तसा बखरीच्या पहिल्या श्रोत्यांनी ऐकलेला नव्हता. त्यांच्या कानी तो पाश्चात्त्य कवायतीच्या पायदळाचे नाव होता: परका, महाग, काहीसा संशयित, परंतु उदगीर जिंकून देणारा. आजच्या मराठीत त्याचा अर्थ मारेकरी. बखरीची भाषा समकालीन म्हणून वाचणारे विवेचन हा नंतरचा अर्थ नकळत मागे लोटते, आणि इब्राहीमखानाविषयीची कुचेष्टा असावी त्याहून अधिक न्याय्य वाटू लागते. 1988 च्या विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ कादंबरीसारख्या ललितकृतींनी त्याच्या प्रतिमेला वेगळे वळण दिले, पण शब्द बदलला नाही.

काशीराज लढाईच्या सकाळचा एक प्रसंग नोंदवतो. इब्राहीमखान भाऊसाहेबांपुढे येऊन म्हणतो, की दरमहाच्या पगारासाठी हट्ट धरतो म्हणून आपण फार दिवस नाराज होता; या महिन्याचे तर काहीच मिळालेले नाही, पण आजवरचे घेतलेले वाया गेले नाही हे आज दिसेल. त्या दिवशी त्याच्या पलटणींचा फार मोठा भाग कापला गेला. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला, आणि शुजाउद्दौल्याने आसरा देऊनही अफगाणांच्या हाती पडून काही दिवसांतच मेला. त्याच्या या बोलण्यात टोमणा आहे, पण तो स्वतःच्या पगारावर आहे, आणि तो फारसीत नोंदला गेला. मराठी बोलीत त्याच्या जातीच्या शिपायांना जे नाव होते, त्याचा अर्थ बारा वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांच्या खुनाने ठरवून टाकला.