मागे नाचणाऱ्या बायका

'मम्मा मिया!' तिसऱ्यांदा बघत होते, या वेळी जुहूच्या मोरागावात, मैत्रिणीच्या घरी. 'डान्सिंग क्वीन' सुरू झालं. गावातल्या बाया हातातली कामं टाकून मेरिल स्ट्रीपच्या मागे नाचत निघाल्या, तशी मैत्रीण म्हणाली, "आज ह्यांच्या घरी जेवण कोण करणार?"

मी हसले. मग हसू थांबलं.

फिलिडा लॉइडचा हा २००८चा सिनेमा कालोकैरी नावाच्या काल्पनिक ग्रीक बेटावर घडतो. ग्रीक भाषेत कालोकैरी म्हणजे उन्हाळा. चित्रीकरण बरंचसं स्कोपेलोस बेटावरचं. डोना तिथे मोडकळीला आलेलं हॉटेल चालवते, मुलीचं लग्न आहे, पाहुणे येतायत. गाव इतकं प्रेमळ की कुणी कशाला नाही म्हणत नाही. बाया धक्क्यापर्यंत धावतात आणि पाण्यात उड्या मारतात तो प्रसंग मला आजही आवडतो. मध्यमवयाच्या इतक्या बायकांना असं मोकळं सोडणारे सिनेमे आहेत किती?

पण डोना बाहेरून आलेली, पाहुणेही बाहेरचे. स्वागत करणारे आणि करून घेणारे दोघंही परके. गावानं फक्त मागे उभं राहून सूर धरायचा. जुन्या ग्रीक नाटकांतला कोरस असा मुका नव्हता. सोफोक्लीजच्या 'अँटिगनी'त थेब्जची म्हातारी माणसं क्रेऑन राजाला चार शब्द सुनावतात, शेवटी निर्णय फिरवायला लावतात. तोवर उशीर झालेला असतो, ते सोडा. 'मम्मा मिया!'तला कोरस मात्र डोनाला कधीच काही विचारत नाही.

सिनेमा संपल्यावर आम्ही चौपाटीवर गेलो. जुहूही कुणाला परकं करत नाही. तिकीट नाही, गेट नाही, भेळ घ्या आणि वाळूत बसा. शाळेत जुहूबद्दल काय कळलं होतं? १९२४ साली ऑपरेशननंतर गांधीजी इथे विश्रांतीला आले. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान आणून इथे उतरवलं. दोन्ही पाहुणेच. किनाऱ्यावर होड्या कुणाच्या होत्या, हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

आणि आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. पाचवीच्या गॅदरिंगला कोळी डान्स बसवला होता. भाड्याची लुगडी, आंबाडे, टोपलीत थर्माकोलचे मासे. हिचं लुगडं तेवढं घरचं, आईनं नेसवलेलं. स्टेजवरची एकमेव कोळ्याची पोर. बाईंनी तिला मागच्या रांगेत ढकललं, कारण तिचं नेसणं बाकीच्यांशी 'मॅच' होत नव्हतं. मी पुढे होते, मधोमध. मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

त्या डान्सचा फोटो अजून माझ्याकडे आहे. माझ्या खांद्यामागे तिच्या टोपलीची कड दिसते. ती दिसत नाही.