चित्रपटांची पुनर्निर्मिती आणि निष्ठेचा प्रश्न

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद नवा नाही. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी १८९० साली ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. परकी कथा आपल्या भूमीत रुजविताना काय राखावे आणि काय टाकावे, हा विचार आपल्या नाट्यसमीक्षेला तेव्हापासून परिचित आहे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र तो अद्यापि प्राथमिक अवस्थेत आहे. गाजलेल्या चित्रपटाची पुनर्निर्मिती झाली म्हणजे ‘मूळची सर हिला नाही’ एवढे म्हणून रसिक मोकळा होतो आणि अभ्यासक साम्यभेदांची दोन रकान्यांची यादी करून थांबतो. दोहोंच्याही मनात निष्ठा म्हणजे घटनांशी निष्ठा, असेच गृहीत असते. हे गृहीत तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक पूर्वग्रह दूर केला पाहिजे. भाषा बदलली की कलाकृतीचा प्राण जातो, असे पुष्कळांना वाटते. परंतु १९३७ साली ‘प्रभात’ने ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ असे दोन चित्रपट काढले. दोन्हींचे दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि दोन्हींची नायिका शांता आपटे. जरठकुमारीविवाह नाकारणाऱ्या स्त्रीचा तो निग्रह हिंदीत आल्यामुळे दुबळा झाला नाही. कारण ज्या रूढीविरुद्ध तिचे बंड होते, ती रूढी दोन्ही भाषांच्या प्रेक्षकांच्या घरात होती. तेव्हा दोष भाषांतरात असतो, असे सरसकट म्हणता येत नाही.

याउलट, घटना पार बदलूनही पुनर्निर्मिती कशी यशस्वी होते, याचे उदाहरण शांतारामबापूंनीच १९७२ साली ‘पिंजरा’त दिले. त्याचे मूळ १९३० सालच्या ‘द ब्ल्यू एंजल’ या जर्मन चित्रपटात आणि त्याही मागे हाइन्रिश मान यांच्या कादंबरीत आहे. नर्तिकेच्या मोहात पडलेला एक करडा शिक्षक सर्वस्व गमावतो आणि अखेर आपल्या जुन्या वर्गातील मेजावर प्राण सोडतो, असा जर्मन चित्रपटाचा शेवट आहे. मराठीत शिक्षकाचे गुरुजी झाले आणि रात्रमंडळाच्या रंगभूमीऐवजी तमाशाचा फड आला. हे वेषांतर कोणालाही सुचले असते. परंतु ‘पिंजरा’ पुढे जातो. गुरुजींचा खून झाला असे गाव समजते, त्यांचा पुतळा उभारते, आणि शेवटी गुरुजींवर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो. आपण कोण हे सांगितले तर जीव वाचेल, पण गावाचा आदर्श कोसळेल. म्हणून ते शिक्षा पत्करतात. जर्मन कथेतील शिक्षकाची मुले त्याची टवाळी करीत. मराठी खेड्यातील गुरुजींना गाव पूजते. ज्या समाजात शिक्षकाचे स्थान इतके निराळे, त्या समाजात त्याचे पतनही निराळेच घडले पाहिजे, हे येथे ओळखले गेले. मूळ घटनांपैकी थोड्याच उरल्या. तरी माणूस आपल्या प्रतिष्ठेचाच बंदी कसा होतो, हे मर्म उरले आणि ते मराठी भूमीतील कारणांनी सिद्ध झाले.

या पार्श्वभूमीवर नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) आणि शशांक खेतान यांनी हिंदीत केलेली त्याची पुनर्निर्मिती ‘धडक’ (२०१८) यांची तुलना उद्बोधक ठरते. ‘सैराट’मध्ये करमाळा परिसरातील पाटलाची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातील परश्या यांच्यातील अंतर कोणी भाषण करून सांगत नाही, ते विहीर, ऊस, बुलेट, वाडा आणि बोली यांतून दिसते. त्यांतील एक प्रसंग तर आपल्यासारख्या विभागाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. महाविद्यालयात मराठीचे अध्यापक वर्गात दलित कवितेविषयी सांगत असताना पाटलाचा मुलगा फोनवर बोलत आत शिरतो, आणि ‘तू कोण’ असे विचारल्याबद्दल अध्यापकाच्या थोबाडीत मारतो. ज्या शहरात १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि जेथून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले, तेथील वाचकाला या थपडेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ग्रंथालयात मान्यता पावलेली कविता वर्गाच्या दारातच कशी हतबल होते, हे त्या एका क्षणात कळते. चित्रपटाच्या अखेरीस होणाऱ्या हत्येचे कारण येथेच प्रेक्षकाच्या हाती येते.

‘धडक’ने कथेचा सांगाडा पुष्कळसा जसाच्या तसा ठेवला आहे. पळून जाणे, परमुलुखातील संसार, तान्हे मूल, भेटवस्तू घेऊन आलेले माहेरचे लोक, हे सर्व तेथे आहे. करमाळ्याच्या जागी उदयपूर आणि हैदराबादच्या जागी कोलकाता आले, यालाही हरकत घेण्याचे कारण नाही. राजस्थानात जातीची उतरंड नाही असे कोण म्हणेल? परंतु नायकाच्या वडिलांचे उपाहारगृह आहे, घर नीटनेटके आहे, आणि ‘ते उच्च जातीचे आहेत’ असा इशारा संवादात येऊन जातो. जात तेथे उच्चारली जाते, पण कोणी ती भोगताना दिसत नाही. परश्याच्या घरच्यांना गावात राहणे अशक्य होते, त्याचे वडील जातीच्या पंचांपुढे स्वतःच्या तोंडात मारून घेतात. त्या दुःखाला साजेसे वजन हिंदी चित्रपटात कशालाही लाभलेले नाही. परिणामी अंतिम हत्या एका अहंकारी कुटुंबाचे क्रौर्य म्हणून समोर येते. समाजरचनेचे फलित म्हणून नव्हे.

शेवटातील बदलही यामुळेच निराळा वाटतो. ‘सैराट’मध्ये दोघेही मारले जातात आणि रक्ताने भरलेल्या पावलांनी मूल चालत जाते. ‘धडक’मध्ये नायिका घराबाहेर असताना पती व मूल मारले जातात आणि ती मागे उरते. हा बदल स्वतंत्रपणे पाहता समर्थनीय आहे. जिवंत उरण्याची शिक्षा मृत्यूहून हलकी नव्हे. मात्र पहिल्या शेवटात प्रेक्षकाला पुढच्या पिढीविषयी प्रश्न पडतो, तर दुसऱ्यात त्याला नायिकेविषयी करुणा वाटते. करुणेने हृदय भरून येते, परंतु तिथेच प्रश्नही मिटतो.

हिंदी व्यावसायिक चित्रपटाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो मान्य करता येत नाही. ‘सैराट’ हाही व्यावसायिक चित्रपटच आहे. अजय-अतुल यांचे संगीत, मंदगतीची दृश्ये आणि प्रणयाचा रंग त्यानेही मनमुराद वापरला. शिवाय ‘धडक’च्याच निर्मितीसंस्थेने २०२५ साली मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटावरून ‘धडक २’ काढला. शाझिया इक्बाल दिग्दर्शित या चित्रपटात विधी महाविद्यालयातील दलित विद्यार्थ्याचा अपमान हाच कथेचा कणा आहे. अर्थात अडचण भाषेची नव्हती आणि माध्यमाचीही नव्हती. ती निवडीची होती.

यावरून अभ्यासकाला एक कसोटी सुचविता येईल. घटना कोणत्या गळल्या हे मोजण्यापूर्वी त्या घटना मूळ कृतीत कशामुळे अटळ ठरल्या, हे शोधावे. आणि तितकेच समर्थ कारण नव्या भूमीत उभे राहिले आहे काय, हे नंतर पाहावे. ‘पिंजरा’ या कसोटीस उतरतो, ‘धडक’ उतरत नाही. हा केवळ अभिरुचीचा भेद नव्हे. ‘सैराट’सारख्या हत्या या देशात पडद्याबाहेर घडत असतात. त्यांचे कारण कथेतून गळाले, तर कोट्यवधी प्रेक्षक त्यांच्याकडे एक दुर्दैवी प्रेमकथा म्हणून पाहावयास शिकतात. हे नुकसान मूळ चित्रपटाचे नसून प्रेक्षकाच्या समजुतीचे आहे, आणि समीक्षेने त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.