उतरंड आणि अडीचशे फूट

प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ २०२२ साली बर्लिनच्या बाराव्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात मांडली गेली. मी ती छायाचित्रांतूनच पाहिली आहे. एकावर एक रचलेली मातीची मडकी म्हणजे जातिव्यवस्था, हा तिचा सरळ अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पण तेवढ्यावर थांबणाऱ्या समीक्षेला तिच्यातला उपरोध दिसत नाही.

घरातली उतरंड आठवा. तळाचे मडके सर्वांत मोठे आणि भरलेले. वर जावे तसे ते लहान होत जाते. समाजाच्या उतरंडीत भार तळावर, धान्य मात्र वरच्या मडक्यात. रिकाम्या मडक्यावर भरलेली मडकी रचण्याचा वेडेपणा आपली कोणतीही आजी करणार नाही. समाजाने तो शतकानुशतके केला आणि त्याला धर्म म्हटले. हे कडू हसू मला या मांडणीत दिसते.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायका’त हिंदू समाजाला जिना नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. विषमतेची आपली प्रतिमा अशी घराचीच आहे. धाराशिव-लातूरकडे मात्र ती नुसती प्रतिमा राहिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदी घरे कोसळून हजारो माणसे गाडली गेली. हलक्या छपरांच्या झोपड्यांनी त्या मानाने कमी जीव घेतले. धरणीने उतरंड वरून फोडली. शासनाने ती पुन्हा रचली. स्थलांतरित गावांत भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०, त्याहून मोठ्या जमीनदाराला ७५०.

पक्की घरे मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण घर बांधताना माणसे मोजली नाहीत, जमीन मोजली. जमीन कोणाकडे नव्हती आणि का नव्हती, हे या पानांच्या वाचकाला सांगायला नको.

म्हणून या कलेकडे माझे एक मागणे आहे. मडकी रचून थांबू नये. त्यांच्यावर मोजमापही लिहावे. जात नुसती प्रतिमा राहिली की प्रेक्षक मान डोलावून घरी जातो. ती आकडा झाली की त्याला स्वतःचे घर आठवते, त्याच्या भिंती आठवतात, त्याखालची जमीन कोणाची ते आठवते.

माझ्या वर्गात अडीचशे फुटांच्या घरातून येणारी मुले बसतात. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी त्यांना ओळखतो. उतरंड काय असते हे त्यांना शिकवावे लागत नाही. ती कोणत्या कागदावर, कोणाच्या सहीने रचली जाते, हे मात्र शिकवावे लागते.