धनाग्राशी सुटणारा वायू : एका चौकटीविषयी

एनसीईआरटीने २००६ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, धातू-अधातूंच्या प्रकरणात, धनाग्रीकरणावर म्हणजेच ॲनोडायझिंगवर एक चौकट आहे. हवेत ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, विजेच्या साहाय्याने तो जाड करता येतो आणि त्यासाठी वस्तू धनाग्र करावी लागते, हे तीन मुद्दे तिने नेमके मांडले आहेत. मुलामा देताना वस्तू ऋणाग्र असते व धातू द्रावणातून येतो. इथे वस्तूच्याच धातूचे ऑक्साइड बनते. हा फरक मुलांना त्यावरून सहज दाखवता येतो.

आमचा आक्षेप पुढच्या विधानाला आहे. धनाग्राशी ऑक्सिजन वायू सुटतो व तो ॲल्युमिनियमशी संयोग पावतो, असे चौकट सांगते. तसे असते तर पापुद्रा जरा जाड होताच काम थांबले असते. घट्ट ऑक्साइडमधून वायू आत जाणार कसा? प्रयोगात बुडबुडे दिसतात ते मुख्यतः ऋणाग्रावर, हायड्रोजनचे. खरे कारण असे, की पापुद्रा इतका पातळ असतो की थोड्या व्होल्टनेही त्यात प्रचंड विद्युतक्षेत्र निर्माण होते. त्या ओढीने ॲल्युमिनियमचे आयन बाहेर व ऑक्सिजनचे आयन आत सरकतात. म्हणूनच बोरेटसारख्या, ऑक्साइड न विरघळवणाऱ्या द्रावणात जाडी व्होल्टवर ठरते : दर व्होल्टला सुमारे १.३ नॅनोमीटर. मग वाढ थांबते.

दुसरी उणीव आम्हांला अधिक खटकते. सल्फ्युरिक आम्लच का, हे चौकट सांगत नाही. आम्ल ऑक्साइड किंचित विरघळवत राहते. त्यामुळे सूक्ष्म छिद्रे पडतात, त्यांच्या तळाशी पापुद्रा पातळच राहतो व वाढ चालू राहते. १५ ते २० व्होल्टवर ५ ते २५ मायक्रोमीटर जाडी मिळते ती यामुळे. रंग बसतो तोही या छिद्रांतच. नंतर उकळत्या पाण्यात ऑक्साइड पाणी घेऊन फुगते आणि छिद्रे बुजतात. छिद्रे सांगितली नाहीत, तर हा थर सहज रंगवता येतो ही माहिती केवळ पाठ करण्यापुरती उरते.

चौकटीला जागा थोडी, हे मान्य. पण 'वायू' हा शब्द काढून 'छिद्रे' हा शब्द घातला असता तरी पुष्कळ साधले असते. शिक्षकांनी वर्गात नॉनस्टिक लेप नसलेला हार्ड ॲनोडाइज्ड तवा आणि ॲल्युमिनियमचे साधे, घासून लख्ख केलेले भांडे आणावे, मल्टिमीटरची टोके दोन्हींना हलकेच टेकवावीत. एकातून वीज वाहते, दुसऱ्यातून नाही. असे का, हे मग मुलांनाच सांगू द्यावे.