उपासाची तारीख आणि उपासाचा हिशेब

"आज उपास आहे" असं कोणी म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: "मग काय चालतं तुम्हाला?" वरीचे तांदूळ चालतात, साबुदाणा चालतो, कोथिंबिरीवरून घराघरात वाद आहेत. हाच प्रश्न रत्नागिरीतल्या एखाद्या कॅथलिक घरात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या काळातल्या शुक्रवारी विचारलात, तर नियमाचं उत्तर मिळेल: मटण-चिकन नाही, मासे चालतात.

माझा पीएचडीचा विषय मराठी ख्रिस्ती जीवनातला उपास हा आहे. विषय सांगितला की ऐकणारा लगेच तुलनेवर येतो, आणि ती तुलना बहुतेक वेळा दोनपैकी एका साच्यात बसते. पहिला साचा जुन्या मिशनरी लेखनातला: हिंदू उपास पुण्य गाठीला बांधण्यासाठी, ख्रिस्ती उपास अंतःकरणाच्या शुद्धीसाठी. दुसरा आजच्या समजूतदार माणसाचा: सगळे उपास शेवटी सारखेच, शरीराला शिस्त आणि पोटाला विश्रांती. मला दोन्ही पटत नाहीत. दोन्हींमध्ये तुलना एका धर्माची दुसऱ्या धर्माशी होते. खरा वाद मात्र प्रत्येक धर्माच्या आत आहे. उपास तारखेने ओळखायचा की हिशेबाने, हा तो वाद. म्हणजे काय, ते तीन कागदांवरून बघू.

पहिला कागद गोव्याचा. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने म्हणजे धर्मन्यायालयाने एक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१) या ग्रंथात त्याची माहिती दिली आहे. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी कोणत्या जुन्या चालीरीती सोडायच्या, त्याची ती लांबलचक यादी आहे. दारात तुळस नको. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घालणं नको. आणि एकादशीचा उपास नको. ख्रिस्ती उपास मात्र करायला हरकत नाही.

हा जाहीरनामा आपण नेहमी दडपशाहीचा पुरावा म्हणून वाचतो. तो आहेच, त्यात शंका नाही. पण वाचन तिथेच थांबलं तर त्यातली एक गंमतशीर अडचण नजरेतून सुटते. दोन माणसं जेवली नाहीत. एकाने येशूच्या दुःखसहनाची आठवण म्हणून अन्न सोडलं, दुसऱ्याने विठ्ठलासाठी. दोघांची पोटं सारखीच रिकामी. मनातला हेतू काही कोणाला तपासता येत नाही. मग न्यायालय तपासणार काय? पंचांग! शुक्रवारी उपाशी राहिलास तर धर्मनिष्ठ, एकादशीला राहिलास तर संशयित. उपास अंतःकरणाचा असतो असं शिकवणाऱ्या संस्थेला तो ओळखण्यासाठी तारखेचाच आधार घ्यावा लागला. मिशनरी साचा इथेच कोसळतो.

ही युक्ती गोव्यात निघालेली नाही. 'दिदाखे' नावाचं अगदी आरंभीच्या काळातल्या ख्रिस्ती मंडळींचं एक छोटं नियमपुस्तक आहे. त्याची जुनी प्रत १८७३ मध्ये सापडली आणि १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या आठव्या प्रकरणात सांगितलंय की ढोंगी लोक सोमवारी आणि गुरुवारी उपास करतात, तुम्ही त्यांच्यासारखे करू नका. तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. ढोंग सोडा म्हणताना वार बदलायला सांगितलंय! शेजाऱ्यापेक्षा आपण वेगळे दिसावं ही गरज तिथेही आहेच. समाज म्हणून टिकायला तारीख लागते, हे मलाही मान्य आहे. सगळ्या गावाने एकाच दिवशी उपास धरला तर एकट्याला तो सोपा जातो. प्रश्न एवढाच, की तारीख पाळली म्हणजे उपास झाला का?

त्याच प्राचीन काळातला दुसरा कागद नेमका याचं उत्तर देतो. 'हर्मासचा मेंढपाळ' हे दुसऱ्या शतकातलं पुस्तक रोममध्ये लिहिलं गेलं. त्यात उपासाची रीत सांगितली आहे ती अशी: त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यायचं. एरवी जेवणावर किती खर्च झाला असता त्याची बेरीज करायची. तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यायचे. वाराचा उल्लेख महत्त्वाचा नाही, बेरीज महत्त्वाची. याला मी 'हिशेबाचा उपास' म्हणतो. याचं मूळ आणखी मागे, यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात आहे. तिथे लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास करतो आणि तुझं लक्षच नाही. उत्तर मिळतं ते झोंबणारं आहे: उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलेच व्यवहार रेटता, मजुरांना राबवून घेता; मला हवा असलेला उपास म्हणजे जुलमाची बंधनं तोडणं आणि आपली भाकरी भुकेल्याबरोबर वाटून खाणं.

आता या दोन कसोट्या घेऊन रत्नागिरीत या. सध्याचा कॅथलिक नियम १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपासाचे. अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत तो बंधनकारक. मांसवर्जन चौदा पूर्ण झालेल्या सगळ्यांना, शुक्रवारी. शुक्रवारच्या मांसाऐवजी दुसरं काही सोडायची किंवा दानधर्माची मुभा त्या-त्या देशाची बिशप परिषद देऊ शकते. मांस म्हणजे जमिनीवरच्या जनावरांचं आणि पक्ष्यांचं. मासे त्यात येत नाहीत. मांस ही चैन आणि मासा हे साधं अन्न, अशी समजूत जिथे होती त्या युरोपात हा नियम घडला. मिरकरवाडा बंदरावर उभं राहून तो वाचा म्हणजे कळेल. लेंट येतो साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. पावसाळ्यातली मासेमारीबंदी अजून लांब असते, होड्या रोज समुद्रात जात असतात. अशा शुक्रवारी ब्रॉयलर कोंबडी सोडून पापलेटचं तिखलं ओरपलं, तर तारखेच्या कसोटीवर नियम पाळला गेला. हिशेबाच्या कसोटीवर त्या घराचा खर्च उलट वाढला.

हसण्याआधी आपल्या ताटाकडेही बघा. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण काही ख्रिस्ती लोकांनी केलेली नाही. त्यात आणखी एक मजा अशी की शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची हे आजच्या फराळाचे आधारस्तंभ मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या काळातल्या व्यापारातून ते इकडे आले. ज्यांच्या राज्यात एकादशीवर बंदी घातली गेली, त्यांच्या जहाजांनी एकादशीच्या खिचडीची सोय केली! पदार्थ बदलले, तिथी टिकली. म्हणजे तारखेचा उपास दोन्हीकडे आहे, आणि त्याच्यावरची टीकाही दोन्हीकडे आहे. 'सगळे उपास सारखेच' म्हणणाऱ्याला ही टीकाच दिसत नाही.

तिसरा कागद पंडिता रमाबाईंचा. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनात १८७० च्या दशकातल्या दुष्काळाची हकिगत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडत. कुटुंबाने देवदर्शनं, तीर्थस्नानं, दानधर्म, व्रतं सगळं केलं. पैसा संपला, भांडीकुंडी विकली गेली, शेवटी पाणी आणि झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. १८७४ मध्ये आई-वडील दोघेही गेले, मागोमाग थोरली बहीणही.

हा मजकूर 'व्रतं निष्फळ, ख्रिस्ती श्रद्धा सफळ' असा वाचायची पद्धत आहे, आणि रमाबाईंचा स्वतःचा सूरही काही ठिकाणी तसा आहे. तरी मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. उपास करायला आधी घरात अन्न असावं लागतं. जे खाता आलं असतं ते न खाणं म्हणजे उपास. नाइलाजाने उपाशी राहणं म्हणजे उपासमार. मराठीत हे दोन शब्द एकमेकांना इतके चिकटून आहेत की फरक पटकन जाणवत नाही. रमाबाईंनी पुढे काय केलं ते या फरकाच्या उजेडात बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना आणलं. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, रोज शेकडोंचा स्वयंपाक होऊ लागला. मुक्तीमध्ये प्रार्थनाही खूप होत्या, पण त्या प्रार्थनांच्या शेजारी चूल पेटलेली होती. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाचं मराठी मुलखातलं इतकं ठळक भाष्य दुसरं मला माहीत नाही.

खुद्द चर्चलाही हा फरक ठाऊक आहे. पोप सहावे पॉल यांनी १९६६ मध्ये प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घातले, तेव्हा सुबत्ता असलेल्या देशांतल्या आणि गरीब देशांतल्या ख्रिस्ती लोकांना एकच फूटपट्टी लावली नाही. पहिल्यांनी संयमाची साक्ष द्यावी. दुसऱ्यांनी न्यायासाठी झटत असतानाच आपलं सोसणं प्रार्थनेत अर्पण करावं. भारतात लेंटच्या काळात कॅरिटास इंडियासाठी चर्चमधून निधी गोळा होतो, तोही हिशेबाचाच धागा.

आता माझ्या मांडणीवरचा सगळ्यात मोठा आक्षेप. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपास केला तेव्हा कोणाची भूक भागली? कोणाचीच नाही. तो उपास प्रार्थनेचा होता, देवावर विसंबून राहण्याचा होता. शिवाय वर त्यांच्यापासून काढून घेतला जाईल तेव्हा शिष्य उपास करतील, असंही तो म्हणतो. म्हणजे उपास हे विरहाचं, शोकाचंही रूप आहे. घरात माणूस गेल्यावर घास उतरत नाही, तसं. सगळंच रुपया-आण्यात मोजलं तर उपासाचा आत्मा हरवेल.

आक्षेप बरोबर आहे, आणि हिशेब म्हणजे संपूर्ण उपास असं मी म्हणत नाही. पण त्याच अरण्यातल्या गोष्टीत पहिला मोह कोणता? धोंड्यांच्या भाकरी कर. स्वतःच्या भुकेसाठी तो ते करत नाही. पुढे पाच हजारांचा जमाव उपाशी असतो तेव्हा मात्र भाकरी वाढवतो. प्रार्थनेच्या उपासातून उठलेल्या माणसाचं दुसऱ्याच्या भुकेकडे लक्ष जातं की नाही, एवढं तरी तपासता येतं.

या हिशेबात एक रकमेचा विसर पडतो, ती कष्टाची. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की उपास कोणाला कळू देऊ नका, तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बसा. कोकणातल्या घरात हे जमणार कसं? उपासवाल्यांचं वेगळं, बाकीच्यांचं वेगळं, अशी दोनदा चूल पेटते, आणि ती पेटवणारी बहुतेक घरात एकच बाई असते. यशयाने मजुरांबद्दल जे म्हटलं ते स्वयंपाकघरालाही लागू पडतं. तुमच्या उपासाने तिचं काम वाढत असेल तर हिशेब अजून जुळलेला नाही.

म्हणून मुलाखतींना जाताना मी "काय चालतं?" विचारतोच, कारण तिथूनच लोक बोलायला लागतात. त्यानंतर आणखी दोन प्रश्न वहीत लिहून ठेवलेत: वाचलेलं कोणाकडे गेलं, आणि त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला? तुमच्या घरातला उपास कोणत्याही धर्माचा असो, हे दोन प्रश्न घरी विचारून बघा. पुढच्या लेखात प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधल्या 'उपास-प्रार्थने'बद्दल लिहीन. तिथे ठरलेली तारीखच नसते, त्यामुळे हाच पेच वेगळ्या बाजूने बघता येतो.