अभावाची दृश्यभाषा : दोन हास्यभयपटांच्या निमित्ताने

संस्कृत साहित्यशास्त्रात हास्य आणि भयानक यांचे सख्य मानलेले नाही. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हास्याच्या विरोधी रसांमध्ये भयानकाची गणना केली आहे. लोकरंगभूमीने मात्र हा निर्णय फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. कोकणच्या दशावतारातील संकासुर वेद पळवणारा राक्षस खरा, पण तो रंगमंचावर आला की प्रेक्षक हसू लागतात. तुटपुंज्या भांडवलावर निघालेले, उघडउघड खुळचट असे स्वतंत्र हास्यभयपट याच शास्त्रबाह्य प्रदेशात वावरतात. अकादमिक समीक्षेने त्यांची एक तर दखल घेतली नाही, किंवा घेतली तेव्हा 'कल्ट'चा शिक्का मारून त्यांचे सारे दोष माफ करून टाकले. या दोन्ही भूमिका प्रस्तुत लेखकाला सारख्याच आळशी वाटतात.

पीटर जॅक्सनचा 'बॅड टेस्ट' (१९८७) हे या प्रकाराचे जवळजवळ शुद्ध उदाहरण होय. न्यूझीलंडमधील एका वृत्तपत्राच्या छपाई विभागात नोकरी करणाऱ्या या तरुणाने १९८३ पासून सुमारे चार वर्षे, मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, मित्रांना जमवून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर हा चित्रपट घडवला. राक्षसांचे मुखवटे आईच्या स्वयंपाकघरातील भट्टीत भाजले. शासकीय चित्रपट आयोगाचे साहाय्य मिळाले, ते काम बरेच पुढे गेल्यावर. परग्रहवासी एका गावातील माणसे मारून त्यांच्या मांसाचा झटपट खाद्यपदार्थ म्हणून व्यापार करू पाहतात, एवढेच कथानक. कड्यावरच्या प्रसंगात छळणारा डेरेक आणि छळला जाणारा दाढीवाला परग्रहवासी या दोन्ही भूमिका जॅक्सनच करतो. माणसे अपुरी असल्याचा तोटा येथे संकलनाच्या बळावर विनोद होतो. पुढे डेरेकची कवटी फुटते, तेव्हा तो बाहेर आलेला मेंदू आत कोंबून डोक्याला पट्टा आवळतो. बीभत्स येथे भयाकडे न जाता हास्याकडे वळतो, कारण ती जखम हाताने बनवलेली आहे हे आपल्याला दिसत असते आणि ते लपवण्याची दिग्दर्शकाला गरज वाटत नाही.

पण एवढ्यावर या चित्रपटाला मोकळे सोडता येणार नाही. माणूसच माणसासारख्या कुणाचा तरी खाऊ होतो, या कल्पनेत उपरोधाची मोठी शक्यता होती. दिग्दर्शक ती उचलतो आणि लगेच विसरतो. मध्यभागातील गोळीबार कंटाळा येईपर्यंत चालतो. स्त्रियांना तर या जगात जागाच नाही. हे दोष पैशाच्या अभावातून आलेले नाहीत. संहितेवर आणखी काही संध्याकाळी खर्च करायला पैसे लागत नव्हते. भांडवलाचा अभाव आणि विचाराचा अभाव यांत आपण फरक केला नाही, तर या प्रकाराचे कौतुक म्हणजे केवळ वरून दाखवलेली दया ठरते.

शिनिचिरो उएदा यांचा 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) हा जपानी चित्रपट नेमका हाच फरक कथेच्या रचनेत आणतो. सुमारे ३० लाख येन खर्चून, फारशा परिचित नसलेल्या नटांना घेऊन तो झाला. पहिली ३७ मिनिटे म्हणजे कुठेही न तोडलेले एकच दृश्य : चालत्या प्रेतांचा एक सुमार भयपट. पात्रे अकारण थांबतात, छंदांविषयी निरर्थक बोलतात, कुणी दाराबाहेर उगाच घुटमळते. प्रेक्षक हे सारे दोष मनात नोंदवत जातो. नंतर तो चित्रपट कसा चित्रित झाला हे आपल्याला दाखवले जाते आणि प्रत्येक दोषाचा हिशेब मिळतो : एक नट दारू पिऊन पडला आहे, ध्वनिमुद्रकाचे काम करणाऱ्याचे पोट बिघडले आहे, दिग्दर्शकाची पत्नी भूमिकेत इतकी शिरली आहे की तिला आवरणे कठीण. ज्या विरामाला आपण हसलो, तो विराम म्हणजे पडद्यामागच्या कुणाची तरी धावपळ होती. शेवटी उंचावरून चित्रण करणारी क्रेन निकामी होते, तेव्हा सारे सहकारी एकमेकांच्या पाठीवर चढून मानवी मनोरा रचतात. येथील हास्यात करुणेची छटा मिसळते. विश्वनाथाने करुणालाही हास्याचा विरोधक ठरवले होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तौलनिक अभ्यासकाला खरे आव्हान यापुढे आहे. मिशेल हझानाव्हिशियस यांनी याच कथेचे फ्रेंच रूपांतर 'कूपे!' नावाने केले आणि २०२२ च्या कान महोत्सवाचा प्रारंभ त्याने झाला. नामवंत नट, कितीतरी मोठा खर्च, प्रसंगांचा क्रम बहुतांशी तोच. विनोद बहुतेक ठिकाणी साधतोही. तरीही मनोऱ्याच्या प्रसंगात काहीतरी हरवते. या मंडळींना दुसरी क्रेन सहज मिळाली असती, हे ठाऊक असताना त्यांची ओढाताण पाहावी लागते. संहितेचे भाषांतर झाले, दारिद्र्याचे झाले नाही.

या मांडणीवर माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने आक्षेप घेतला होता : निर्मितीचा खर्च ठाऊक नसलेला प्रेक्षकही हसतोच, मग तुमचा मुद्दा चित्रपटाविषयी आहे की चित्रपटाविषयीच्या वार्तेविषयी? आक्षेप रास्त आहे आणि 'बॅड टेस्ट'बाबत तो मला बराचसा मान्य करावा लागतो. आईच्या भट्टीची हकीकत पडद्यावर नाही. उएदांच्या चित्रपटात मात्र ती वार्ता संहितेतच आहे. म्हणूनच त्याची पहिली ३७ मिनिटे दुसऱ्यांदा पाहताना अधिक चांगली वाटतात. जॅक्सनचा गोळीबार दुसऱ्यांदाही तेवढाच लांबतो.