वाघनखांच्या पेटीवरील लेख : एक चिकित्सा

राजदरबारांतून युरोपात गेलेल्या कलावस्तूंच्या चर्चेत पश्चिम आफ्रिकेतील बेनिनचे उदाहरण अग्रभागी असते. फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश सैन्याने ते नगर जिंकून राजवाड्यातील पितळी शिल्पपट्ट व हस्तिदंती कोरीवकाम नेले. 2022 मध्ये जर्मनीने त्यांपैकी काही वस्तू नायजेरियास परत केल्या, तेव्हा त्या मुळात कशा नेल्या गेल्या याविषयी संशय नव्हता.

मराठी राज्यातील वस्तूंचा प्रश्न इतका सरळ नाही. त्या पुष्कळदा ‘भेट’ या नावाखाली गेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै 2024 मध्ये मुदतीच्या कराराने साताऱ्यास आली. पेटीवरील इंग्रजी लेखाचा आशय असा की, शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीस ज्याने मारले ते हे शस्त्र ग्रँट डफ यांस, ते साताऱ्यास रेसिडेंट असताना, पेशव्यांच्या प्रधानाने दिले.

हा लेख परीक्षेस उतरत नाही. 1659 मध्ये प्रतापगडाखाली मारला गेलेला अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. डफने आपल्या 1826 च्या इतिहासात त्याला विजापूरचाच म्हटले आहे. तेव्हा लेख त्याच्या हातचा असण्याचा संभव कमी. डफ साताऱ्यास होता तो 1818 ते 1822 या काळात. दुसरा बाजीराव तर जून 1818 मध्येच शरण गेला होता. मग हा प्रधान कोण, आणि छत्रपतींचे शस्त्र त्याच्या हाती कसे? शिवाय त्या वर्षांत साताऱ्याचा कारभार वस्तुतः डफच चालवीत होता. जित पक्षाने जेत्याला दिलेली वस्तू कितपत स्वेच्छेची मानावी?

याउलट, महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून मिळविलेल्या तलवारीवर रघूजी भोसल्यांचे नावच देवनागरीत कोरलेले आहे. तेथे धनी निश्चित, गमनमार्ग अनिश्चित. वाघनखांच्या बाबतीत दोन्ही अनिश्चित. ती महाराजांचीच असल्याची ग्वाही संग्रहालयही देत नाही.

यावरून वस्तू परत मागूच नये असा निष्कर्ष निघत नाही. परंतु मागणीचा आधार पेटीवरील लेख असू शकत नाही; तो लेख स्वीकारणे म्हणजे त्यातील ‘भेट’ही स्वीकारणे होय. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, हा आग्रह धरणाऱ्या वि. का. राजवाड्यांचा संग्रह धुळ्यास जतन केलेला आहे. खानदेशातील अभ्यासकांनी तोच निकष अभिमानाच्या वस्तूंनाही लावला पाहिजे.